आईचं दुपारचं वाचन

माझा धाकटा भाऊ हुशार आहे. हे मी कौतुकानं म्हणत नाही, लहानपणापासून ऐकून ऐकून पाठ झालंय म्हणून म्हणतो. कंपनीच्या कामाला तो परदेशात गेला आणि तिथून त्यानं आईसाठी ई-पुस्तकं वाचायचं यंत्र पाठवलं, तेव्हा घरात, गल्लीत आणि परतूरच्या निम्म्या बाजारात त्याच्या हुशारीची पुन्हा एकदा उजळणी झाली. शाळेच्या पाटीपेक्षा लहान आणि पाटीपेक्षा हलकं असं ते यंत्र होतं. "अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं," तो फोनवर म्हणाला. "आता आईला पुस्तकांची गरजच नाही. तू फक्त तिला शिकव."

फक्त! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द फार असतो.

त्या उन्हाळ्यात मी आईला जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशा हिशेबानं आम्ही गेलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय, ऑपरेशनचा उपयोग नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. काही दिवस मोठी अक्षरं वाचता येतील, नंतर तीही नाहीत. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे माझं दुपारचं वाचन जाईल का?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, चालणं-फिरणं, स्वयंपाक, सगळं जमेल."

"ते न्हाई विचारलं मी," आई म्हणाली.

आईचं दुपारचं वाचन काय होतं ते सांगितल्याशिवाय माझी पुढची चिडचिड कुणाला कळायची नाही. एक्क्याऐंशी साली मी तिसरीत होतो आणि आम्ही आष्टीला एकत्र कुटुंबात राहत होतो. आई सोडून लहानमोठी अकरा माणसं, आणि त्या अकराही जणांना दिवसभर आईच लागायची. माझे आजोबा घरातले कर्ते. शेतीत पक्के, पण अक्षरओळख नव्हती. छापलेल्या कागदाबद्दल त्यांच्या मनात इतका आदर, की पुस्तक म्हटलं की ती पोथीच. आणि पोथी वाचणाऱ्या माणसाला मधे बोलावायचं नाही, त्याच्यासमोरून जायचं नाही, हा नेम.

आई सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी भांडी झाली की ती खिडकीपाशी बसून पुस्तक उघडायची. पुस्तक असायचं गावच्या वाचनालयातलं. ते बदलून आणायचं काम माझं, आणि सूचना ठरलेली : "जाड बघून आण. अन् शेवटची पानं हायत का ते बघ." पुस्तकाला ती लाल फडकं गुंडाळायची. मळू नये म्हणून, असं ती सांगायची. आत कधी एखाद्या विधवेचं प्रेमप्रकरण असायचं, कधी खून, कधी सासू-सुनेचं वैर. पण आजोबा बाहेरून आले आणि त्यांना लाल फडकं दिसलं की ते पायातलं दारातच काढायचे आणि सगळ्यांना दटावायचे, "वाचनात हाय ती. कुणी हाक मारू नका." पुस्तक चुकून खाली ठेवलेलं दिसलं तर उचलून कपाळाला लावायचे. खुनाच्या कादंबरीला नमस्कार करताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. आईनं त्यांना कधी खरं सांगितलं नाही. मीही नाही.

एकदा अंगणात माझा अंगठा ठेचकाळला, रक्त यायला लागलं, तर मी भोकाड न पसरता तिच्या दारात बसून राहिलो. तिनं पान संपवलं, मग वर पाहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोथीच ती!

पुढं आजोबा गेले, वडिलांच्या नोकरीमुळं आम्ही परतूरला आलो, मग वडीलही गेले. लाल फडकं कधीच सुटलं होतं, पण नेम राहिला. माझं लग्न झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बायकोला सांगितलं की दुपारी दोन ते तीन आईला हाक मारायची नाही. का, ते तिनं विचारलं नाही. तिनंही पाळलं.

तर हे वाचन आता जाणार होतं आणि मला ते वाचवायचं होतं. आधी मी साधा उपाय काढला. म्हटलं, "आई, मी वाचून दाखवतो की रोज." ती म्हणाली, "नको." का नको, ते काही सांगितलं नाही. मग भिंग आणून दिलं. भिंगानं तासात जेमतेम दोन पानं व्हायची आणि हात भरून यायचा. अशात भावाचं यंत्र आलं.

माझं परतूरला टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, हँडबिलं, अर्ज, सगळं कॉम्प्युटरवर. मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी यंत्र उघडलं. इंग्रजी अक्षरं झकास, पाहिजे तेवढी मोठी. मराठी मजकूर टाकला तर नुसते चौकोन. ओळीनं चौकोन, पानभर चौकोन. भावाला फोन केला तर म्हणाला, "अरे, मराठी चालत नाही का त्यात? बघतो." तो अजून बघतोय.

मग मी आईच्या आवडीची एक कादंबरी दुकानात स्कॅन केली, पान न् पान. पडद्यावर पानं आली, पण मुंगीएवढी. मोठी करावीत तर अर्धी ओळ बाहेर जायची. आईनं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "अर्धं वाक्य कुठं गेलं?" शेवटी माझं डोकं फिरलं. ठरवलं, आख्खी कादंबरी मीच टाइप करणार. मोठ्या अक्षरात, यंत्राच्या मापाची छोटी पानं पाडून, प्रत्येक पानाचं चित्र करून आत घालणार. पावसाळा संपता संपता सुरू केलं. आमच्याकडं तेव्हा लाइट जायची ती चार-चार तास. पान अर्ध्यात आलं की गेली, जतन करायचं राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं दारात उभी. "जल्दी करा हो, लग्न तोंडावर आलंय," आणि मी आपला नायिकेचा निरोप समारंभ टाइप करून राहिलेलो! नाकी नऊ आले, पण दिवाळीनंतर ते काम एकदाचं झालं. एका वेळी पडद्यावर नऊ ओळी, अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं.

आईला ते दिसलं. खरंच दिसलं. पहिली ओळ तिनं भिंगाशिवाय मोठ्यानं वाचली तेव्हा मी अभिमानानं इतका फुगलो की लगेच भावाला फोन लावला.

माझा आनंद आठ दिवस टिकला.

पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनी थेट खिडकीपाशी. "मावशी, लई मोठा मोबाईल घेतला की! ह्याच्यात टीव्हीवरल्या शिरेली दिसतेत का?" आईनं सांगितलं, पुस्तक आहे. "पुस्तक? बघू बघू." दुसऱ्या दिवशी त्या दोघीतिघींना घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी दुरून कुणी नातेवाईक आले, त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि किमतीची चौकशी केली. माझी मुलगी मांडीवर बसून बटणं दाबायची आणि आई कुठल्या कुठं चाळीस पानं पुढं जायची. मीही कमी नव्हतो. दुकान सोडून घरी यायचो आणि दर पाच मिनिटांनी विचारायचो, "दिसतंय ना बराबर? पुढचं बटण सापडतंय ना?"

आणि आठव्या दिवशी मी जेवायला घरी आलो तर आईच्या पुढ्यात परात, परातीत मेथीच्या दोन जुड्या, आणि यंत्र बाजूला उशीवर. आई मेथी निवडत होती. दुपारी सव्वादोनला.

मी बायकोवर भडकलो. "वाचनाच्या टायमाला काम दिलंस आईला?"

तिला माझं भडकणंच कळेना. "वाचत कुठं होत्या? नुसत्या बसल्या होत्या ते घेऊन. मी म्हटलं, आई, बसल्याच आहात तर एवढं निवडून द्या. त्याही हो म्हटल्या."

आपलेच दात, आपलेच ओठ. एवढी वर्षं नेम पाळलेली माझी बायको, आणि तिलासुद्धा ते वाचन वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आईनं यंत्र खोक्यात घालून कपाटात ठेवून दिलं आणि मला म्हणाली, "वाचनालयातून पुस्तक आणत जा पहिल्यासारखं."

"अगं पण बारीक अक्षर दिसणार कसं?"

"खिडकीच्या उजेडात दिसतं. तू आण."

सगळं मुसळ केरात! मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. हिला छापील पुस्तकच पाहिजे होतं तर मला गिऱ्हाइकांच्या शिव्या का खाऊ दिल्या? हट्टी म्हातारी, असंही मनात आलं, आणि ते मला आजही खटकतं. पण पुस्तकं आणून देत राहिलो. ती आधी भिंग घेऊन बसायची. पुढं पुढं भिंगही हातात दिसेना. विचारलं तर म्हणाली, हात दुखतो, तसंच दिसतं. आणि मी शहाणा, ते खरं धरून आणखी चिडलो. एवढं दिसत होतं तर मग नाटकं कशाला?

होळीच्या आसपासची गोष्ट. लाइट नव्हती म्हणून दुकान बंद करून मी दुपारीच घरी आलो आणि आईच्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून बसलो. ती खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसलेली. बाजूला चहा निवलेला. तिनं पान उलटलं. थोड्या वेळानं पुन्हा उलटलं. मी सहज पाहिलं आणि मला वाटलं, पुस्तक उलटं धरलंय. नीट पाहिलं तर कव्हर सरळ होतं. आतली पानं उलटी होती. बाइंडिंग करणाऱ्यानं सोळा पानांचा एक आख्खा गठ्ठा उलटा शिवला होता. आमच्या धंद्यात होते अशी चूक. वाचणारा माणूस अशा जागी थांबतो, पुस्तक फिरवतो, बाइंडिंगवाल्याला दोन शिव्या घालतो.

आई थांबली नाही. एका लयीत ती पानं उलटत गेली. मी मोजत बसलो. गठ्ठा संपून पुन्हा सरळ पानं आली, तरी तिचा हात तसाच चालू.

"आई," मी म्हणालो, "पानं उलटी होती."

तिनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "किती?"

"सोळा. कधीपासून दिसत न्हाई तुला?"

"संक्रांतीपासून." तिनं ते असं सांगितलं, जसं काही दूध कधी संपलं ते सांगतेय.

माझा आवाज चढला. "मंग मला सांगायचं न्हाई का? मी मूर्खासारखा पुस्तकं आणून राह्यलो, बदलून राह्यलो. एक शब्द बोलली न्हाईस!"

"सांगितलं असतं तर तू आणिक काहीतरी आणलं असतंस. न्हाईतर जवळ बसून वाचून दाखवलं असतंस."

"मंग त्यात वाईट काय होतं?"

"गोष्टी लई वाचून झाल्या रे माझ्या," आई म्हणाली. "लग्न होऊन आल्ते तवापासून हा एक तास माझा हाय. नुसती बसले तर कुणीबी येऊन बसतं, कायबी निवडायला देतं. आता तर काय, आंधळी म्हणून दिवसभर जवळ बसतील, बोलतील. पुस्तक हातात हाय तवर कुणी येत न्हाई."

माझा राग गेला नव्हता. उलट तो आता कुणावर काढावा हेच कळत नव्हतं, भावावर, यंत्रावर, मेथीवर, की दर पाच मिनिटांनी बटण सापडतंय का विचारणाऱ्या माझ्यावर. तिनं पुस्तक पुन्हा उघडलं.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी अंगणातून आत आल्या. पुरणाला चाळण पाहिजे होती. चाळण न्यायच्या निमित्तानं मावशीपाशी घटकाभर टेकावं, असा त्यांचा रोख. मी उठलो, आईच्या खोलीचं दार मागं ओढून घेतलं आणि दारातच उभा राहिलो.

"चाळण मी देतो. आईला आता भेटता यायचं न्हाई. तीननंतर या."

"का हो? झोपल्यात का?"

"वाचतेय."

"अगं बाई! अजून दिसतं का मावशीला?"

"दिसतं की," मी म्हणालो. "आत्ता माझ्यासमोर सोळा पानं वाचली."