रुमालाखालचा सौदा

वखारीत वीस वर्षे बसलेल्या माणसाच्या कपड्यांतून तंबाखूची धूळ जात नाही, आणि मनातून माणसे जात नाहीत. निपाणीच्या त्या एका हंगामाच्या गोष्टी मी सांगतो तेव्हा मित्र हसतात. मी हसत नाही. त्या असत्यात मीही होतो.

*

मी आप्पांचा दिवाणजी. समोरच्या वखारीचे तात्या त्यांचे हाडवैरी. एकाने दाराला तोरण बांधले की दुसरा दोन बांधी! मद्रासचा खरीददार हे ओळखून होता. एकाला दुसऱ्याचे भय घालून तो भाव पाडी.

अखेर दोघे गुपचूप भेटले. आप्पांचा यशवंत आणि तात्यांची गंगू यांची सोयरीक जाहीर करायची, माल एकजुटीने विकायचा, आणि खरीददार गेला की सोयरीक मोडायची.

"मोडायला कारण?" मी विचारले.

"आमचं भांडण! ते काय हुडकाय लागतंय व्हय?" आप्पा म्हणाले.

*

देवळात सुपारी फुटली. साक्षीला मी. आप्पांनी यशवंताला बजावले, "मान वर करू नको रं. सगळं खोटं हाय."

"खोटंच हाय, तर बघितलं म्हणून काय बिघडतंय?"

त्याने पाहिले. तिनेही पाहिले! त्याच क्षणी समईची वात फडफडली. वारा नव्हता. माझ्या ओंजळीतले तीर्थ सांडले.

*

लोकांना दिसावे म्हणून दोघे व्याही बेळगावास खडेबाजारात शालू घेण्यास गेले. मी बरोबर होतो. रंगावरून ते असे भांडले की रस्त्यात गर्दी जमली. बिंग फुटले, या धास्तीने मी दुकानाच्या दारात आडवा उभा राहिलो.

दुकानदार मात्र निर्धास्त हसला. "लोक कायबाय बोलत हुते. आता पटलं बघा, तुम्ही खरंच व्याही हाय!"

*

हंगाम सरत आला. यशवंताने धीर करून बापापुढे तोंड उघडले, "आप्पा, खरंच करूया की."

"तात्याची पोर? त्यापरास वखारीला काडी लावीन!"

दुसऱ्या दिवशी गंगू मला देवळाच्या पायरीशी भेटली.

"दिवाणजी, चिकोडीची माझी मावशी ठाव हाय न्हवं? तिची बी सुपारी फुटून मोडली. पंधरा वर्सं दारात कुणी आलं न्हाय."

"देव पाहून घेईल, पोरी."

"देवाम्होरं साक्ष कुणी दिली?"

त्यानंतर मला पूजेस बसवेना. डोळे मिटले की ती वात फडफडे.

*

आमच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. रुमालाखाली बोटे धरून ठरतो. तिथे काय ठरले ते कोणी विचारीत नाही. आणि तो सौदा मोडणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी उभे करीत नाही.

माल भरून खरीददार गेला. वखारीत सारे दलाल बसले होते. ठरल्याप्रमाणे आप्पांनी आवाज चढवला, तात्यांनी पागोटे आपटले. एवढ्यात गंगू आत आली. त्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस कधी आले नव्हते!

तिने म्हाताऱ्या दलालाच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आप्पांशेजारच्या यशवंतासमोर बसून तो आपल्या हातावर पसरला. यशवंताने एकदा बापाकडे पाहिले. त्याने हात आत घातला.

रुमालाखाली बोटे हलली.

"काय ठरलं गं?" तात्या ओरडले.

"रुमालाखालचं इचारत्यात व्हय, तात्या?" म्हातारा दलाल म्हणाला.

गंगूने रुमाल झटकला, घडी करून दलालाच्या खांद्यावर ठेवला आणि ती माझ्याकडे वळली.

"दिवाणजी, साक्षीला तुमीच. ह्या येळंला खरी द्या!"