आवारातला फोन

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला माणसं नव्हती असं नाही. नेरसारख्या गावात निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाला ऐकणारे थोडे आणि ऐकवणारे फार, हे खरं; पण मित्र आहेत. त्यांच्यात बसलो की मी इतरांच्या चुकांबद्दल बोलतो. ते सोपं जातं.

माझा लौकिक असा — सत्काराची शाल घेत नाही, महाराजांच्या मंडपात पाय ठेवत नाही, आणि ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यावर मी पोरांना वर्गात पोट धरून हसायला लावलेलं आहे. बायकोला, सुलभाला, उदासीचा आजार जडला तेव्हा नातेवाईक अंगारा घेऊन आले. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि तिला यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याचा मला केवढा अभिमान! डॉक्टर तरुण, शांत. गोळी लिहून देताना म्हणाले, बरं वाटलं तरी ही मनानं बंद करायची नाही. करायची वेळ आली की मी सांगेन तशी, हळूहळू कमी करायची. बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मी जाणत्या माणसासारखी मान हलवली.

गोळी लागू पडायला वेळ लागला, पण पडली. सुलभा पुन्हा शेजारणीशी भांडायला लागली, तेव्हा मला कळलं की ती बरी होतेय.

मग आमच्या मीनलची सोयरीक जमली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी, आणि मुलाची आई न् आत्या दोन दिवस आधीच मुक्कामाला येणार. आमच्याकडे पाहुण्या बाया स्वयंपाकघरात मदतीला शिरतात. मदत होतेही, पण तेवढ्यात डबे, फडताळ, फ्रिज सगळं उघडून होतं, आणि घर पास की नापास ते परतीच्या गाडीत ठरतं. सुलभाची गोळी देवघराच्या फळीवर असायची, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. हात जोडायचे, गोळी घ्यायची — विसर पडू नये म्हणून तिनं लावलेली सवय.

पाकीट लपवता आलं नसतं का? आलं असतं की. माझ्या पुस्तकांमागे ठेवलं असतं तर कुणाला जन्मात सापडलं नसतं. पण सुलभा सरळ बाई. कुणी ‘कायची गोळी व?’ म्हटलं की सांगून मोकळी होणार. मग मुलाकडचे विचारणार, हे पोरीत उतरेल का? तिला ‘सांगू नको’ म्हणता आलं असतं. पण ते म्हणायची मला लाज वाटली. लपवण्याची नाही — लपव म्हणणारा माणूस म्हणून तिच्यासमोर उभं राहण्याची.

म्हणून पाहुणे यायच्या आधी एका सकाळी मी मोबाइल कानाला लावून आवारात गेलो. ती ओट्यावर तूरडाळ निवडत बसली होती, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. ‘नमस्कार डॉक्टरसाहेब... हो, आता एकदम छान... म्हणजे बंदच? आजपासून? बरं, बरं.’

पलीकडे कुणी नव्हतं. मी फोन लावलाच नव्हता. मधेमधे थांबत होतो, ऐकतोय असा. गॅदरिंगच्या नाटकांना मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, आणि हे मला पहिल्याच फटक्यात जमलं.

ती खूश झाली. ‘सुटली बाई एकदाची,’ म्हणाली. पाकीट मी नेऊन टाकलं.

साक्षगंधाच्या दिवशी ती भिंतीला धरून चालत होती. डोकं गरगरते, मान वळवली का आत करंट मारल्यावानी होते, म्हणाली. मी म्हणालो, दगदग झाली. पाहुणे आनंदात गेले. त्यानंतर तिची झोप गेली. आधी रडायची, मग रडणंही थांबलं. तरी मी गोळी आणून दिली नाही. देणार कशी? द्यायची तर तो फोन खोटा होता, हे आधी सांगावं लागणार — आणि मी ठरवलं की ती आपोआप बरी होईल. अंगारेवाले याहून वेगळं काय म्हणत होते?

एका दुपारी ती घरात नव्हती. बसस्टँडवर सापडली, कोणत्याच गाडीकडे न बघता बसलेली.

‘कुठं चालली होतीस?’

‘कुठंच नाई. घरात मले भेव वाटून राह्यलं होतं. माह्यंच भेव.’

तेव्हा मी तिला अमरावतीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. यवतमाळला नाही, तिथे ती आणि ते डॉक्टर समोरासमोर आले असते. या डॉक्टरांनी विचारलं, गोळी अशी एकदम कुणी बंद केली? सुलभानं सांगितलं, यवतमाळच्या डॉक्टरनं, फोनवर. त्यांनी भुवया उंचावल्या. मी भिंतीवरचं मेंदूचं चित्र वाचत राहिलो.

औषध कमी मात्रेपासून पुन्हा सुरू झालं. सावरायला तिला फार दिवस लागले. आता ठीक आहे. गोळी वेळेवर घेते, आणि गल्लीतल्या बायांना बजावते — यवतमाळच्या त्या डॉक्टरकडे चुकूनही जाऊ नका. काही जणी जात नाहीत. त्या मग कुठे जातात, की कुठेच जात नाहीत? मी विचारलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात ते डॉक्टर भेटले. स्वतःहून जवळ आले, हसून म्हणाले, ‘ताई, मध्येच येणं थांबवलं तुम्ही. तब्येत कशी आहे?’ सुलभा तोंड फिरवून निघून गेली. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. भोवती बँड नव्हता, गर्दी नव्हती; एक वाक्य बोलायला लागते तेवढी शांतता होती. मी म्हणालो, ‘बरी आहे. तुम्ही जेवून घ्या, मग गर्दी होईल.’

परतताना गाडीत ती अजून धुमसत होती.

‘पाह्यलं का तुमी? घात करून वरून कसा तब्येत विचारून राह्यलता!’

मी म्हणालो, ‘हो ना.’