गाना नोको

संध्याकाळी कामावरून येऊन गिटारच्या जुन्या तारा बदलल्या. बोटांना गंजल्या लोखंडाचा वास लागला आणि गोंदियाजवळच्या आमच्या अंगणातली खाट आठवली. तेव्हा मी मोबाइलवर बघून मेजर कॉर्ड शिकत होते. सी जमायची, एफसाठी पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकलं की नुसती खरखर. बाबा राइस मिलमधून आले आणि केसांतला भुसाही न झटकता खाटेवर आडवे झाले. मी सी वाजवत राहिले, तीच ती, बोटांची टोकं बधिर होईपर्यंत. त्यांना त्रास नको म्हणून शेवटी थांबले, तर ते डोळे मिटूनच म्हणाले, "काऊन थांबली? डोरा लागून राह्यला होता." माझ्या वाजवण्याने त्यांचा डोळा लागत होता, हे ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, "थांबा ना बाबा, एफ जमली की गाणंच वाजवून दाखवीन." "गाना नोको," ते कूस बदलत म्हणाले, "गाना आयकावा लागते." मी हिरमुसले, पण पुन्हा सी धरली. आता एफ जमते, गाणीही येतात. नव्या तारा चढवून झाल्यावर नवरा म्हणाला, "एखादं गाणं वाजव ना." दिवसभराच्या कामाने अंग आंबलं होतं; मी भिंतीला टेकून डोळे मिटले, सी धरली, आणि तीच वाजवत राहिले.