न धुतलेला फोन

मुफुताऊने नवा फोन घेतल्याचं एकवीस दिवस लपवून ठेवलं आणि बाविसाव्या दिवशी, भर दुपारी, त्याच फोनपायी त्याचाच चौक त्याला जिवंत जाळायला निघाला. लपवण्याचं कारण विचाराल तर निव्वळ चिक्कूपणा. दुसरं काही नाही.

इबादान शहरातल्या इटा-ओपे चौकात तो सव्वीस वर्षं पंक्चर काढत होता. एक कॉम्प्रेसर, एक जनरेटर, पॅच भाजायची लोखंडी पट्टी, टायर उचकटायच्या दोन टामी आणि मागे जुन्या टायरांची उंच चळत, एवढा त्याचा पसारा. तापल्या लोखंडावर रबर दाबून दाबून त्याच्या बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. चुलीवरचं ओगीचं, मक्याच्या पेजेचं, भांडं तो फडक्याशिवाय उचलायचा आणि त्याची बायको सिदिकात कपाळाला हात लावायची. माणूस कामाचा पक्का, बोलायला गोड, पण खिशात हात घालायची वेळ आली की त्याला हमखास नमाजाची आठवण व्हायची.

आणि आमच्याकडे नवी वस्तू धुवावी लागते. मोटरसायकल असो, शिवणयंत्र असो की फोन. मालकाने चौकातल्या सगळ्यांना थंडगार माल्टच्या, त्या गोड बिनदारूच्या पेयाच्या, बाटल्या पाजल्या की वस्तू धुतली गेली. मग जो तो तिला हात लावून बघतो, नावं ठेवतो, दुआ देतो, आणि त्या दिवसापासून ती कोणाची हे अख्ख्या चौकाला पाठ होतं. मुफुताऊने दुसऱ्यांच्या वस्तू धुताना आयुष्यभर दोन-दोन बाटल्या रिचवल्या होत्या. स्वतःची पाळी आल्यावर मात्र त्याने मनात चौकातली माणसं मोजली, ती एकतीस भरली, आणि त्याने तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

फोनची गरज खरी होती, त्यात खोट काढता येणार नाही. त्याचा बटणांचा फोन नऊ वर्षांचा होता, मागचं झाकण ट्यूबच्या रबराने बांधलेलं. हमरस्त्यावर अडकलेले ट्रकवाले हल्ली फुटलेल्या टायरचा फोटो पाठवायचे, आपण नेमके कुठे आहोत ते नकाशावर पाठवायचे. त्याच्या डबड्यात यातलं काही उमटत नसे आणि गिऱ्हाईक पुलापलीकडच्या पंक्चरवाल्याकडे जाई. त्यात दूर कानोला दिलेल्या त्याच्या मुलीला, मोरिलीला, मुलगा झाला. चाळीस दिवस उलटले तरी आजोबाने नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेवटी तो उचेन्नाच्या दुकानात गेला. उचेन्ना म्हणजे जिभेवर साखर आणि डोक्यात वजनकाटा असलेली बाई.

"बाबा, हा सगळ्यात स्वस्तातला नका घेऊ," ती म्हणाली. "सहा महिन्यांत रडेल आणि तुम्ही इथे येऊन मला शिव्या घालाल. तो वरचा महागडाही नको. त्यात निम्मे पैसे नुसते नावाचे असतात, आणि दुपारपर्यंत मान टाकतो. हा मधला घ्या. दोन दिवस चार्जिंग टिकतं, फोटो स्वच्छ येतो, हातातून पडला तरी काही होत नाही. आणि तुमच्या बोटाशिवाय कोणाला उघडायचा नाही."

मात्र तो त्याच्या बोटाला उघडेना. उचेन्नाने उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली, एकेक बोट पुसून पुसून दाबलं, फोन काही ओळख देईना. "बाबा, तुमचे ठसे कुठे गेले? देव द्यायला विसरला की तुम्ही बाजारात विकले?" दहा बोटांत एकाच बोटावर रेषा शिल्लक निघाल्या. डाव्या हाताची करंगळी. मुफुताऊलाच हसू आलं. आयुष्यभर जिला काही काम नव्हतं, तिच्या हाती किल्ली आली.

ते तीन आठवडे तो खरोखर सुखात होता. टायरांच्या चळतीमागे बसून नातवाला बघायचा, नातू जांभई द्यायचा, हा इकडे डोळे पुसायचा. दोन ट्रकमालक कायमचे बांधले गेले. दिवसा फोन पॅचच्या पेटीत, फडक्याखाली असायचा, घरी निघताना खिशात.

गानियूच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. गानियू शेजारचा डेंटिंगवाला, मुफुताऊचा सगळ्यात जुना मित्र, घणासारख्या हातांचा.

"मुफू, खिशात काय फुगलंय रे?"

"साबण."

"साबणाला उजेड कधीपासून यायला लागला? नवा फोन घेतलास ना? धुवायला लागेल म्हणून दडवतोयस, कंजूष कुठला!"

"अल्लाशपथ, माझ्याकडे हा एकच फोन आहे," असं म्हणून मुफुताऊने रबराने बांधलेलं डबडं सात माणसांसमोर उंच धरून दाखवलं. सगळे हसले. खोटी शपथ घेतली म्हणून त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पण एकतीस बाटल्या वाचल्या.

बाविसाव्या दिवशी दुपारी एक मायक्रा टॅक्सी पंक्चर होऊन आली. पुढच्या सीटवर एक भारी वस्त्रातली बाई होती. ती उतरून सावलीत उभी राहिली, मुफुताऊने चाक काढलं, बसवलं, आणि ती परत बसायला गेली तशी किंचाळली. तिचा फोन नव्हता. मोठा, निळ्या पाठीचा, महागातला. गानियूने तिच्याकडून नंबर घेऊन लावला. बंद.

"चोराने बंद केला!" कोणीतरी ओरडलं.

एवढं पुरतं. वर्षभरात चौकातून अकरा फोन गेले होते आणि पोलिसांनी एकही परत आणला नव्हता. त्या अकराही जणांचा संताप रस्त्यावरच पडून होता, फक्त कोणीतरी उचलायचा अवकाश. दुकानांतून माणसं बाहेर आली. कोणाच्या हातात पाना, कोणाच्या हातात फळी. झडती सुरू झाली. गानियूने जवळची पहिली पेटी उघडली, ती मुफुताऊची, आणि फडकं उचललं.

निळ्या पाठीचा मोठा फोन.

"हा कोणाचा?" गानियूचा आवाज एकदम खाली आला.

"माझा," मुफुताऊ म्हणाला.

"तुझा? सात जणांसमोर अल्लाची शपथ घेतलीस ना, की तुझ्याकडे एकच फोन आहे?"

बाईने फोनकडे पाहिलं. "असाच होता," ती म्हणाली. "असाच निळा."

"उघडून दाखव!" कोणीतरी त्याचा उजवा अंगठा धरून फोनवर दाबला. फोन उघडला नाही. परत दाबला. नाही. "डावा हात..." असं मुफुताऊ म्हणायला लागला तेवढ्यात पहिली फळी त्याच्या तोंडावर बसली.

पुढचे दोन दात जिभेवर आले. तो पडला तेव्हा कोणीतरी त्याच्या डाव्या हातावर बुटाने उभं राहिलं आणि मनगटात काहीतरी काडकन मोडलं. मग मार कुठून येतोय हे कळेनासं झालं. पोटात लाथ, बरगडीत पाना, पाठीवर त्याचीच टामी. सव्वीस वर्षं ज्यांच्या चाकांत त्याने हवा भरली ती माणसं होती ती. एकाने पहाटेच त्याच्याकडून कोला नट मागून खाल्ला होता. आमच्याकडे चोराला मारताना जो हात उचलत नाही त्याच्याकडे पुढच्या वेळी संशयाने बघतात, म्हणून सगळेच हात उचलतात; मनातून कोणाला नको असलं तरी. गानियू रडत होता आणि मारत होता. "मित्र म्हणवतोस! माझ्या शेजारी बसून चोरी करतोस!" प्रत्येक शब्दाला एक लाथ.

मग डोक्यावरून थंड काहीतरी ओघळलं आणि डोळे जळायला लागले. पेट्रोल. त्याच्याच जनरेटरमधलं. आणि गळ्यात टायर आला, चळतीतला सगळ्यात वरचा, सकाळी त्यानेच काढून टाकलेला. त्याचं वजन मुफुताऊच्या ओळखीचं होतं.

आठ वर्षांपूर्वी याच चौकात, त्या विजेच्या खांबाखाली, एका माणसाला जाळलं होतं. केसांत लाकडाचा भुसा, बहुधा सुतार असावा. त्याच्या खिशात एक साधा बटणांचा फोन सापडला आणि मटणवाला म्हणाला, तो माझा. त्या दिवशी टायर मुफुताऊने दिला होता. नुसता दिला नाही, आपल्या हातांनी गळ्यात घातला होता. घालताना तो माणूस त्याच्या कानाशी काहीतरी बोलला होता. काय बोलला, ते मुफुताऊने कधी कोणाला सांगितलं नाही, सिदिकातलाही नाही.

"काडी! काडी कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हती. दोघे जण इया सेमियूच्या चुलीकडे धावले. इया सेमियू, म्हणजे सेमियूची आई, चौकात चवळीचे वडे तळायची. गेल्या वेळचं जळतं लाकूडही तिच्याच चुलीतलं होतं.

"लाकूड दे, म्हातारे! चोर धरलाय!"

तिने लाकडावर पाय ठेवला. "कोण आहे?"

"चोर आहे, सांगितलं ना!"

"मागच्या वेळी न बघता दिलं होतं मी. आठ वर्षं वड्यांना वास येतोय मला. या वेळी आधी बघणार." आणि हातातला झारा तसाच घेऊन ती गर्दीत घुसली. वाटेत येईल त्याच्या अंगावर तापल्या झाऱ्यातलं तेल उडत होतं, म्हणून वाटही झाली.

खाली पडलेला चेहरा तिला आधी ओळखता आला नाही. मग तिने पायांवरून ओळखलं.

"बाबा मोरिली? मोरिलीचा बाप?" ती किंचाळली. "हा? हा चोर? याच्या हातून पंक्चरचे पैसे सुटत नाहीत हे खरं, पण चोर?"

"फोन त्याला उघडत नाही, इया. आम्ही बघितलं."

"आणि हिला उघडतो का?" तिने बाईच्या हातात फोन कोंबला. "उघड. तुझा आहे ना? उघड!"

बाईने अंगठा लावला. दुसरा लावला. फोन उघडला नाही. गर्दीतला आवाज पहिल्यांदा खाली आला. इया सेमियू गुडघ्यांवर बसली आणि मुफुताऊच्या तोंडाजवळ कान नेला. रक्ताच्या बुडबुड्यांतून एकच शब्द येत होता.

"करंगळी म्हणतोय!" ती ओरडली. "डावी करंगळी!"

डावा हात मोडून उलटा पडला होता. तिने तो उचलला तेव्हा मुफुताऊच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की पाना धरलेल्या माणसाने पाना खाली टाकला. बोट रक्तापेट्रोलने माखलेलं. लावलं, उघडला नाही. तिने लुगड्यासारखं नेसलेलं वस्त्र सोडवून त्याच्या टोकाने बोट पुसलं, थुंकी लावून परत पुसलं, आणि दाबलं.

फोन उघडला. पडद्यावर एक बिनदाताचं बाळ जांभई देत होतं. गानियूने बोटाने पुढे सरकवलं. ट्रकचा टायर. ट्रकचा टायर. झोपलेली सिदिकात. मुफुताऊचं स्वतःचं नाक, फार जवळून. परत टायर.

टायर गळ्यातून काढायला क्षणभर कोणी पुढे झालं नाही. मायक्राचा ड्रायव्हर इतका वेळ गाडीतच बसला होता. त्याने सीटखाली हात घातला आणि तिथून एक निळा फोन काढला. घसरून पडला होता. बंद होता, कारण त्यातलं चार्जिंग दुपार व्हायच्या आतच संपलं होतं. बाई गटाराशी गेली आणि ओकली.

मुफुताऊ जगला. मनगटात लोखंडी सळी, तीन बरगड्या, चार दात, एक डोळा अधू. दोन महिन्यांनी तो दुकानात येऊन बसला, तेव्हा जो तो येऊन पायाशी वाकून गेला. खर्च चौकाने उचलला होता. गानियू रोज येऊन त्याचा कॉम्प्रेसर पुसायचा आणि मान वर करायचा नाही.

एक दिवस मुफुताऊनेच एकतीस माल्ट मागवल्या आणि बत्तिसावी जास्तीची. "फोन धुवायचा राहिलाय," तो म्हणाला.

सगळे जमले. हायसं वाटून जरा जास्तच हसत होते. फोन हातोहात फिरला. "फोन घ्यावा तर असा," गानियू म्हणाला, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्याने मित्राच्या डोळ्यांत पाहिलं. "मालकाला ओळखणारा. ते जुनं डबडं सापडलं असतं ना मुफू, तर आज तू राख असतास. ते काय, कोणालाही उघडायचं."

"हो ना! पैसे वसूल!" बाकीचे ओरडले.

मुफुताऊ बत्तिसावी बाटली घेऊन उठला. बरगड्या सांभाळत विजेच्या खांबापाशी गेला आणि ती सगळी तिथे काळ्या मातीवर ओतली.

"त्याच्याकडे साधा फोन होता," तो म्हणाला. "तो मला म्हणाला, 'काका, पहिला नंबर माझ्या आईचा आहे, लावून बघा.' मी सगळ्यात जवळ होतो. मला ऐकू आलं होतं."

गानियूने आपली बाटली न उघडताच खाली ठेवली. इया सेमियूने चुलीत पाणी ओतलं आणि त्या दिवशी परत पेटवली नाही.