कावेरीच्या बारशाला डोल्मा आली

रविवारी आमच्या म्हैसूरच्या, सरस्वतीपुरमच्या घरी नातीचं बारसं झालं. त्या दुपारपासून मी घरभर चालतेय खरी, पण पाय जमिनीला टेकतात असं वाटत नाही...

मी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. फोनमध्ये बोलते आणि मराठी अक्षरं उमटतात. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या वरच्या खोलीत डोल्मा राहते. तिबेटी आहे, माझ्याच वयाची. बैलकुप्प्याच्या त्यांच्या वसाहतीतून इथे आली, नात नर्सिंग शिकते म्हणून. तान्ही असताना आईच्या पाठीला बांधलेली हिमालय ओलांडून आली म्हणे... देश काही आठवत नाही तिला.

आमचं उलटं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, पण तिला फोडणी कन्नडची. सून पुण्याची, तिची आई बारशाला आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, “विहीणबाई, तुमचं मराठी ऐकायला गोड हो, पण मध्येच कुठे जातं कळत नाही!” मी हसले. खरंच आहे ते...

डोल्मा आणि मी कन्नडातच बोलतो. सांडगे घालताना ती एकदा म्हणाली, “अक्का, घरात नातीशी मी तिबेटी सोडून दुसऱ्या भाषेत बोलतच नाही. देश हातातून गेला, भाषा तरी तोंडात राहू दे.” किती दिवस मी ते मनात घोळवत होते.

हां, तर बारसं. पाळण्याला झेंडू, परातीत घुगऱ्या, घरभर बायका. माझी लेक शारदा, म्हणजे बाळाची आत्या, वाकून कानात ‘कावेरी’ म्हणाली आणि तिच्या पाठीत असे धपाटे बसले की विचारू नका.

तेवढ्यात आपल्या नातीला घेऊन डोल्मा आली. तो त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन नेसलेली आणि दोन्ही हातांवर आडवी धरलेली लांब, पांढरी, रेशमी ओढणी. ‘खाता’ म्हणतात तिला. शुभ प्रसंगी देतात, पांढरं म्हणजे निर्मळ मन.

हे मला ठाऊक होतं. तरी खरं सांगते... पाळण्यातल्या त्या चिमुकल्या जिवावर कोरं पांढरं कापड येतंय म्हटल्यावर माझाच हात पाळण्याच्या काठावर गेला.

विहीणबाई तर कुजबुजल्याच, “अहो, बारशाला पांढरं? बाळाच्या अंगावर? नका हं घालू देऊ.”

डोल्माला मराठी येत नाही. पण चेहरे वाचता येतात ना. तिचे हात थांबले, आणि ती ओढणीची घडी घालू लागली. कन्नडात म्हणाली, “असू दे अक्का, मी नुसतं बाळ बघून जाते.” तिच्या नातीने मान खाली घातली.

एक घडी... दुसरी घडी... मला कळत होतं, ही घडी पुरी झाली की ही बाई उद्यापासून जिन्यात भेटेल, हसेल, विचारपूससुद्धा करील. पण माझ्याजवळ येऊन बसायची नाही.

काय सुचलं कोण जाणे. आपल्यात नवं कापड कोरं नेसत नाहीत, आधी टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावतात. मी तबकातली हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि तिच्या हातातल्या ओढणीच्या टोकाला लावूनच टाकलं.

आणि लावल्यावर घाबरले. अय्यो! तिच्या निर्मळ पांढऱ्याला मी डाग पाडला की... विचारलंसुद्धा नाही तिला.

डोल्माने त्या डागाकडे बघितलं. मग तिने घडी उलगडली, ओढणीचं दुसरं टोक शोधून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“आणि हे? एकच बाजू नटवलीस होय?”

मी खो खो हसले. विहीणबाईंना ती काय म्हणाली ते सांगितलं, तर त्याच तबक घेऊन पुढे आल्या. “थांबा, ह्या टोकाला मी लावते.”

ओढणी पाळण्याच्या दोरीला बांधली. मी आमचा पाळणा म्हटला, अर्धे शब्द विसरलेले. डोल्मा तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणली, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही... कावेरी मात्र दोघींचं ऐकत ऐकत डोळे मिटत गेली.

वाऱ्याने ती ओढणी वरखाली होत होती, खाली उतरलेल्या ढगासारखी. मीही बसल्या बसल्या कुठेतरी गेले. तिला न आठवणारे डोंगर, मी कधी न पाहिलेलं आमचं मूळ गाव... सगळं खिडकीतून आलेल्या त्या एका उन्हात जवळजवळ असल्यासारखं.

डोल्माला हे वाचता यायचं नाही. मीच कन्नडात सांगेन तिला... घातलेली घडी तू माझ्यासाठी उलगडलीस ना गं, तेव्हा कुठे माझ्या नातीचं बारसं पुरं झालं.