तीन किलोंच्या आत

"स्वल्प थांब. आधी डोळा बसू दे."

दुर्बिणीला डोळा लावल्या लावल्या "दिसलं" म्हणणाऱ्या प्रत्येकाला अण्णा हे ऐकवत. स्वल्प म्हणजे जरासं. बंगळुरात राहिलेल्याला हा शब्द बोलण्यात कानडीतून आला, हे काही वर्षांनी आठवतही नाही. म्हणताना ते डावा तळवा समोरच्याच्या खांद्यावर ठेवत, बुजलेल्या घोड्याला शांत करावं तसा.

मी सांगलीहून नोकरीला आलो तो थेट त्यांच्या हाताखाली. आमच्या सरकारी कारखान्यात सैन्याच्या बंदुकांवर बसवायच्या दुर्बिणी बनत, आणि त्या तपासायच्या विभागात अण्णांचा शब्द शेवटचा असे. यंत्रानं पास केलेली दुर्बीण ते खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोखत आणि शांतपणे म्हणत, "उजव्या कडेला केसाएवढा ओरखडा आहे. परत पाठव." आम्ही भिंगाखाली धरून शोधायचो. ओरखडा असायचाच.

त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए सांगली" एवढंच. माझ्या बायकोला मात्र पहिल्या भेटीपासून "अक्का" म्हणायचे, ती त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असूनही. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं. नवा होतो तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्यांची मराठी सुधारायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरी, बरोबर. पण आमची मराठी तुझ्या आधी इथं पोचली, एवढं ध्यानात ठेव."

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. कामात कडक, बोलण्यात थोडका, आणि घरचं काही विचारलं की "ऊट झालं का?" म्हणून जेवणावर विषय नेणारा.

त्यांच्या घरचं मला कळलं ते त्यांची बायको गेली तेव्हा. साथीचे दिवस होते, विमानं बंद होती. एकुलता एक मुलगा न्यूझीलंडमध्ये. त्याला येता आलं नाही. स्मशानातून परतल्यावर मुलाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. अण्णा बराच वेळ नुसतं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "असू दे. तू तसाही कुठं होतास इथं?" आणि फोन ठेवला. त्या एका वाक्यानंतर बापलेकांचं बोलणं सणावारी दोन मिनिटांवर आलं.

निवृत्तीनंतर ते इंदिरानगरच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या जुन्या घरात एकटेच राहत. दर रविवारी सकाळी मी जायचो. अशाच एका रविवारी त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "मुलाचं काहीतरी आलंय. माझा चष्मा कुठं ठेवला कोण जाणे. तू वाच."

मुलानं लिहिलं होतं, "अप्पा, डोंगरात शिकारीला न्यायला हलकी बंदूक घ्यायची आहे. वर दुर्बीण कोणती बसवू, तुम्ही सांगाल का? सगळं मिळून तीन किलोंच्या आत बसायला हवं."

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या आईबद्दल होत्या. पहिली नजरेला पडताच मला अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरातलं इतकं आतलं आपण मोठ्यानं कसं वाचायचं? मी फोन परत दिला आणि म्हणालो, "खाली अजून थोडं आहे, ते तुम्ही वाचा सावकाश." ते "सरी" म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

न्यूझीलंडच्या डोंगरांत ताहर नावाचा रानबोकड आहे. मूळचा आपल्या हिमालयातला. शंभरएक वर्षांपूर्वी कुणी तिकडं नेऊन सोडला, तो इतका वाढला की डोंगरावरचं गवत टिकेना, आणि आता तिथलं सरकारच त्याची शिकार करू देतं. हे सगळं मी शोधून सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "बिचारा. त्याला कुणी विचारलं होतं, जातोस का म्हणून?" मग लगेच, "बरं, उंची किती असते तिथं? पाऊस? वारा?"

आपल्याकडं शिकार बंद. अण्णांनी उभ्या आयुष्यात बंदुकीचा चाप ओढलेला नव्हता. पण हजारो दुर्बिणी त्यांच्या डोळ्याखालून गेल्या होत्या, आणि मुलानं नेमकं तेच विचारलं होतं. त्यांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

चार महिने आमचा तोच उद्योग. मी लॅपटॉपवर माहिती काढून वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. चिकपेटेच्या बाजारातून वजनकाटा आणला. जुन्या नळीचा तुकडा आणि वाळूची पिशवी बांधून अडीच किलोंची खोटी बंदूक तयार केली आणि ती खांद्यावर टाकून अण्णा गच्चीचा जिना चढले, उतरले, परत चढले. वर पोचून धापा टाकत ती खांद्याला लावून उभे राहिले.

"बघ सांगली, हलकी बंदूक चढताना बरी. पण दमलेल्या माणसाच्या हातात ती जास्त हलते. आणि झाडली की लाथही जास्त मारते."

"मग जड घ्यायची का?"

"छे. वर नेलीच नाही तर मारणार कशानं? हलकीच घ्यायची. नळी बारीक, दस्ता लाकडाचा नको, पावसात फुगतो. फक्त दुर्बीण अशी हवी की डोळा तिच्यापासून चार बोटं लांब राहिला तरी चित्र पुरं दिसलं पाहिजे. नाहीतर लाथ बसली की भुवई फुटली."

मी एकदा पंचवीस पट मोठं दाखवणारी एक दुर्बीण सुचवली. ते हसायला लागले. "डोंगर चढून धापा टाकणाऱ्याला पंचवीस पट मोठं दाखवून काय करायचं? त्याला स्वतःच्या छातीचे ठोकेच दिसतील. दहा पट पुष्कळ झालं. पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं. चारशे ग्रॅमच्या आत."

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. अण्णा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसायचे. आधी चार मिनिटं, मग वीस, मग पाऊण तास. बोलणं सगळं ग्रॅमचं.

"अप्पा, दुर्बीण धरायच्या कड्या धरल्या का वजनात?"

"धरल्या. ऐंशी ग्रॅम. पट्टा तू धरलास का?"

"पट्टा विसरलो."

"बघ. पट्टा दीडशे खातो."

आईचं नाव दोघांपैकी कुणी काढत नव्हतं. मी बाजूला चहा घेत बसायचो आणि मला वाटायचं, चाललंय ते छान चाललंय.

शेवटी बंदूक ठरली, दुर्बीण ठरली. दोन किलो नऊशे चाळीस. जानेवारीत मुलानं दोन्ही घेतल्याचं कळवलं आणि म्हणाला, "अप्पा, मे महिन्यात या. इथं तेव्हा थंडी सुरू होते, ताहर खाली उतरतात. गोळी मी झाडीन. तुम्ही नुसतं माझ्याबरोबर बसा."

अण्णांनी पुढ्यातला वजनकाटा बाजूला सारला. मग म्हणाले, "बघूया."

पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी पासपोर्ट सापडत नव्हता. मग इतक्या लांबच्या विमानात बसवत नाही असं निघालं. मी चिडलो. खोटी बंदूक घेऊन दहादा जिना चढणाऱ्याचा गुडघा अचानक कसा दुखतो? "मुलगा बोलावतोय आणि तुम्ही सबबी सांगताय," मी तोंडावर म्हणालो.

मार्चमध्ये एके दिवशी त्यांच्याकडची एक जुनी दुर्बीण आम्ही गच्चीवर तिकाटण्यावर लावली. पलीकडं एका उंच इमारतीचं काम चालू होतं, तिथली पाटी वाचायची असं ठरवून मी नीट जुळवून दिली. अण्णा वाकले तेव्हा माझ्या हाताचा धक्का लागून चित्र जुळवायची कडी फिरली. मी सांगणार, तोवर ते बोलले, "हां. छान बसलंय चित्र. अक्षरं टोकदार आहेत."

ते बाजूला झाल्यावर मी डोळा लावला. आत नुसता धुरकट गोळा होता. पाटी तर सोडाच, इमारतही ओळखू येत नव्हती.

माझा चेहरा त्यांना दिसला नाही तरी माझं गप्प बसणं कळलं असणार. ते कठड्यावर बसले.

"मधोमध काही राहिलं नाही रे," ते म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. जिना दिसतो, दार दिसतं, तांब्या दिसतो. जिकडं बघावं तेवढंच जातं. दोन वर्षं झाली. डॉक्टर डोळ्यात सुया देतात, त्यानं आहे तेवढं टिकतं म्हणे."

दोन वर्षं. म्हणजे चष्मा कधी हरवलेलाच नव्हता. आणि मी मात्र आपण मदत करतोय, म्हाताऱ्याला तेवढीच सोबत, अशा समाधानात होतो.

मग त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या दिवशी खाली अजून काहीतरी आहे म्हणाला होतास. काय होतं?"

सहा महिने तो माणूस त्या दोन ओळी खिशात घेऊन फिरत होता. मला वाचायला सांगावं, तर आधी स्वतः का वाचल्या नाहीत याचं कारण द्यावं लागणार. मी फोन मागून घेतला, मागं मागं जाऊन शोधलं आणि वाचलं. "आईच्या वेळी मी यायला हवं होतं. कसंही करून यायला हवं होतं. तुम्ही बोललात ते खरं होतं."

अण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "खरं नव्हतं ते. विमानंच नव्हती. तो कुठून येणार होता?"

"मग त्याला हे सांगा. आत्ता फोन लावतो."

"फोनवर नको. हे समोर बसून बोलायचं."

"मग जा मेमध्ये. डोळ्याचं सांगून टाका आणि जा."

"नको. त्यानं माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवून दुर्बीण घेतली. आंधळ्यानं निवडलेली आहे असं कळल्यावर त्याला काय वाटेल? तू सांगणार नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. त्या वेळी तो देणंच मला बरोबर वाटलं. वरिष्ठांचा मान राखायची सवय हाडात मुरलेली होती.

एप्रिलमध्ये मुलानं मला वेगळा फोन केला. "काका, खरं सांगा. अप्पा अजून रागावलेत का माझ्यावर? आईचं मनात आहे का त्यांच्या?"

"नाही रे. गुडघा दुखतो त्यांचा."

"गुडघ्याचं मलाही सांगतात. मी म्हटलं, चालायचंच नाही, वर हेलिकॉप्टर सोडतं. तरी नाही म्हणाले." मग म्हणाला, "ठीक आहे काका. मी पुन्हा नाही विचारणार."

फोन माझ्या कानाशी होता. त्यानं ठेवायला घाई केली नाही. अण्णा रागावलेले नाहीत, त्यांना दिसत नाही, एवढं वाक्य होतं. मी "काळजी घे" म्हणालो.

मे आला आणि गेला. रविवारचे कॉल दहा मिनिटांवर आले, मग पाचांवर. वजनाचं बोलायला काही उरलं नव्हतं आणि दुसरं काही बोलायची दोघांना सवय नव्हती. अण्णा अजूनही फोन तांब्याला टेकवून बसायचे. कॉल संपल्यावर मला विचारायचे, "बरा दिसत होता ना? खंगला नाही ना?" मी सांगायचो, "बरा आहे."

सप्टेंबरमध्ये त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि पाचव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ते गेले. चौथ्या दिवशी मी कळवलं तेव्हाच मुलगा निघाला होता. या वेळी विमानं होती. तरी तो पोचला तो सहाव्या दिवशी सकाळी, सगळं संपल्यावर.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. तो म्हणाला, "काका, बंदूक माझ्याकडं आधीच होती. सहा वर्षं. जड होती, पण चांगली होती. अप्पांना काहीतरी विचारायचं होतं, आणि ते ज्याचं उत्तर देतील असं मला एवढंच सुचलं."

"आणि नवी?"

"कपाटात आहे. एकदाही झाडली नाही. ते आल्यावर नेणार होतो."

तेव्हा मी सगळं सांगितलं. डोळ्याचं, गच्चीचं, ओळी उशिरा वाचल्याचं, "विमानंच नव्हती" हे त्यांचं वाक्य, आणि मी दिलेला शब्द. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "नक्की कसं दिसायचं त्यांना? दर रविवारी तर बोलायचो आम्ही."

मला तोंडी सांगता येईना. मी म्हणालो, "हाताची मूठ कर. माझ्या चेहऱ्यासमोर धर, आणि एक डोळा मीट."

त्यानं हात लांब करून मूठ धरली.

"आता काय दिसतंय?"

"तुमचे कान. थोडे केस. मागची खिडकी." मग म्हणाला, "चेहरा नाही दिसत."

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी कानडीत पत्ता विचारत होता. मुलगा तसाच बसून राहिला, एक डोळा मिटून, लांब केलेला हात खाली न घेता.