मोटरीची लाईन

साखर कारखान्यात मी एकतीस वर्षं वायरमन होतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातली एकूण एक वायर मी स्वतःच्या हातानं ओढली आहे, आणि हे आल्यागेल्याला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळं घरातला कॉम्प्युटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला, तेव्हा दोष माझा असेल हे डोक्यातही आलं नाही.

कॉम्प्युटर सुनेचा, नुकताच आतल्या खोलीत हलवलेला. ती घरी बसून लग्नपत्रिका करून देते. ती समोर असेपर्यंत तो गुमान चालायचा. ती उठून गेली की परत येईस्तोवर बंद पडून नव्यानं सुरू झालेला, अर्धी पत्रिका गायब. मी डबा उघडला, धूळ झाडली, पिना घट्ट केल्या, पंखा बदलला. फरक शून्य. मग मी निकाल दिला, "तूच कायतरी उलटंसुलटं दाबून उठतीस."

ती पुन्हा पहिल्यापासून पत्रिका करायला बसली. पण दोन पत्रिका उशिरा गेल्या, लोक दारात येऊन चार शब्द सुनावून गेले. त्या दिवशी ती म्हणाली, "मामा, ह्या म्हयन्यानंतर हे काम बास. न्हाय जमत मला." मला वाईट वाटलं, पण चूक तिचीच हे मी धरून बसलो होतो.

तिनं मात्र एक केलं. कॉम्प्युटर बंद पडला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुली. दहा-बारा दिवसांनी मला कॅलेंडरसमोर उभं केलं. फुल्या एक दिवसाआड होत्या. मधल्या दिवशी तिनं मुद्दाम तासन्‌तास तो नुसता सोडून बघितला होता, काही झालं नव्हतं. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं. पाणी आलं की हातातलं काम कुणी ठेवत नाही, टाकतात आणि मोटरीच्या बटणाकडं पळतात. सेव्ह करायला कोण थांबतंय!

पुढच्या पाण्याच्या दिवशी ती खुर्चीतच बसून राहिली. "मामा, आज मी उठत न्हाय. मोटर तुमी चालू करा."

मी बटण दाबलं. आतून आवाज आला, "गेला की!"

म्हणजे रिकामा राहून तो बंद पडतच नव्हता. मोटर एकदम करंट ओढायची, त्या झटक्यात कॉम्प्युटर मान टाकायचा. आणि मोटरीची लाईन त्याच खोलीच्या बोर्डावरून कुणी घेतली होती? मीच. टाकी बसवायच्या घाईत 'तात्पुरती' म्हणून बारक्या वायरनं जोडलेली. त्याला नऊ वर्षं झाली. तोंड कुठं लपवू असं झालं मला. ती टोचून बोलली नाही. नुसतं विचारलं, "शिडी आणू का?"

त्याच दिवशी मीटरपासून मोटरीला वेगळी जाड वायर ओढली. शिडी तिनं धरली. पुढच्या पाण्याला मोटर सुरू झाली आणि कॉम्प्युटर जागचा हलला नाही. काम सोडायचं तिनं पुन्हा काढलं नाही. मी गल्लीभर सांगत सुटलो, की माझ्या एकतीस वर्षांना जे दिसलं नाही ते हिला एका पेन्सिलीनं दिसलं. छाती फुगली होती माझी, का फुगू नये?

परवा मागच्या गल्लीतला एक माणूस दारात आला. त्याच्या घरातले दिवे मधूनच मंद होत होते.

"काका, वायरमन हाईत का घरात?" त्यानं विचारलं.

"हाय की," मी म्हणालो, आणि सुनेला हाक मारली.